दूरचं पायजे का जवळचं?

आमच्या गावच्या फाट्यावर एक विजेचा खांब आहे. सुखदेवकाकाजी रोज सकाळी त्याला राम राम घालतात.

हे चुकून होत नाही. पहिल्या वेळी चुकून झालं होतं, ते कबूल. त्या दिवशी पानठेल्यावरची माणसं पोट धरून हसली. काकाजी परत फिरले, खांबाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "खांब निंगाला. बरं. पन घातलेला राम राम वापस घेता येते का? मानूस असला तं मान राह्यला, खांब असला तं पुन्य." दुसऱ्या दिवसापासून ते मुद्दाम घालू लागले. खांबाला, हापशीला, शाळेच्या फाटकाला, उभ्या ट्रॅक्टरला. लोकांना वाटलं, बुढा सटकला. मलाही जवळजवळ तसंच वाटलं. सगळ्यांनाच राम राम घातला की आपल्याला कोण ओळखू आलं आणि कोण नाही हे कुणाला कळत नाही, ही त्यातली युक्ती माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

काकाजी आमचे शेजारी. बार्शीटाकळीच्या अलीकडे आमचं गाव. नाल्याकाठी त्यांचं दोन एकर वावर. त्यात पपई, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि धुऱ्यानं, म्हणजे बांधावर, गलांड्याची फुलं. आमचं वावर त्याला लागूनच, आमचाही भाजीचाच धंदा. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. अकोल्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. पण आमच्या गावात सायन्स म्हणजे डॉक्टरकीच्या अलीकडचा थांबा. त्यामुळे कुणाचा गुडघा, कुणाची म्हैस, सगळं माझ्याकडे येतं. मी "पाहून सांगते" म्हणते आणि फोनमध्ये पाहते. नाही म्हणायला मला अजून जमलेलं नाही.

काकाजींची दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना स्वतःचं मत नसतं. जे असतं ते काकूंचं. "बुढी म्हनते, यंदा सांबार लवकर पेरा." "बुढी म्हनते, सरपंचानं घर चांगलं बांधलं, पन जिना उलटा काढला." "बुढी म्हनते, तुह्या बापाले सांग, बनियनवर बाजारात नोको जात जाऊ." यातली गंमत अशी की चार वर्षांपूर्वी काकूंना लकवा झाला. डावी बाजू गेली, आवाज गेला. तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटलेला कुणी ऐकला नाही. ओठ हलतात, तेही एकाच बाजूनं. आणि काकूंची मतं मात्र आधीपेक्षा वाढली. पानठेल्यावर म्हणायचे, "बुढ्याची अक्कल पाह्यली का? भांडन लागलं तं हा मोकळा. मी नाई बोललो बाप्पा, बुढी बोलली!"

मी हसायचे, पण जपून. कारण मला कॉलेजात पाठवायचं की नाही यावर आमचे बाबा आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी काकाजी ओसरीवर येऊन बसले, चहा प्याले आणि उठता उठता म्हणाले, "बुढी म्हनते, पोरीले जाऊ द्या. बसचा पास निंगते." लहानपणी काकूंनीच बाबांना सांभाळलेलं, त्यामुळे बाबा त्यांचा शब्द मोडत नाहीत. मी कॉलेजात गेले ती अशी, एका न बोलणाऱ्या बाईच्या शब्दावर.

डोळ्यांचं प्रकरण सांबारानं उघडं पाडलं. एका सोमवारी काकाजींनी सांबाराच्या जुड्या बांधल्या त्यात तीन जुड्या गाजरगवताच्या निघाल्या. गाजरगवताचं कोवळं पान लांबून सांबारासारखं दिसतं, हे खरं. पण आयुष्यभर सांबार विकलेल्या माणसाला ते हातात धरल्यावर कळायला पाहिजे. गिऱ्हाईक बाई जुडी घेऊन परत आल्या. काकाजी म्हणाले, "बाई, आज सर्दी हाये मले. नाक बंद होतं." जणू काही इतकी वर्षं ते भाजी नाकानंच निवडत होते.

त्या संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, "काकाजी, डोयात मोतीबिंदू असंल. माह्यासंग अकोल्याले चाला ना, दवाखान्यात."

"असंल काय? हायेच," ते शांतपणे म्हणाले. "पन पिकला नाई अजून."

इथे पपईबद्दल सांगायला हवं. काकाजी पपईतले मोठे जाणकार आहेत. हिरव्या पपईच्या अंगावर पहिली पिवळी रेघ उमटली की तोडायची. आधी तोडली तर गोडी येत नाही, नंतर तोडली तर गाडीतच फुटते. हाच कायदा त्यांनी डोळ्याला लावला होता. रोज सकाळी माझी बस यायच्या आधी ते न्हाणीसमोर पापणी ताणून उभे राहत आणि मला हाक मारत. "ये पोरी, पाह्य बरं, रेघ पडली का?"

उजव्या बाहुलीत काच धुरकटल्यासारखं दिसायचं. "रेघ नाई काकाजी, अख्खंच पांढरं दिसून राह्यलं."

"मंग कच्चा हाये. कच्चा माल तोडाचा नाई."

मी वाचलं होतं ते सांगून पाहिलं. डोळ्याच्या आत जन्मापासून एक भिंग असतं, वय झालं की ते गढूळ होतं, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. वरून साय येते ते नव्हे. थेंबांनी जात नाही, मधानं जात नाही, काढून नवंच भिंग बसवावं लागतं. पूर्वी पिकायची वाट पाहत, आता पाहत नाहीत. काकाजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुले पेपरात किती मार्क पडले व्हते?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मंग थांबू आपन."

शेवटचा उपाय म्हणून मी म्हटलं, "बरं, काकू काय म्हनते? त्यायले तं इचारा."

काकाजींनी पापणी सोडली. "बुढी काही नाई म्हनत," ते म्हणाले आणि आत गेले. काकूंना मत नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ते झालं. दुपारची वेळ होती. काकूंना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवायचं काम काकाजी एकटेच करतात, कुणाला हात लावू देत नाहीत. आम्हाला नुसता काकूंचा आवाज आला. शब्द नव्हे, घशातून निघालेला एक सूर. मी आणि आई धावत गेलो. काकूंचा लुळा हात खाटेच्या दोरीत अडकला होता आणि काकाजी त्यांना वर ओढत होते. काकूंचे ओठ भराभर हलत होते. आणि काकाजी त्यांच्याकडे पाहत, मान डोलावत म्हणत होते, "हो हो. झालंच, झालंच."

आईनं हात सोडवला. मनगटावर दोरीचा वळ उठला होता. काकाजी बराच वेळ तो वळ बोटानं चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरी टोपी घालून आमच्या दारात उभे. "चाल. कच्चा तं कच्चा."

आईला काकूंजवळ बसवलं आणि मी कॉलेज बुडवलं.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात डोळे तपासायला रांग होती. समोर अक्षरांचा तक्ता. काकाजींचा नंबर आला, डावा डोळा झाकला, आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या. तपासणारा मुलगा चकित. मीही. मग त्याला काही सुचलं असावं. त्यानं न बोलता तक्ता बदलला आणि म्हणाला, "काकाजी, पुन्हा एकदा?" काकाजींनी तीच अक्षरं तितक्याच जोरात पुन्हा म्हटली. रांगेत पुढे उभ्या असलेल्या चौघांचं ऐकून पाठ केलेली.

मी खाली बघितलं. काकाजी मला हळूच म्हणाले, "तुमच्या परीक्षेत चालत नाई का असं?"

"नाई ना काकाजी. अन् इथं पास झाले तं घरीच पाठवतीन ना तुमाले!"

"हे ध्यानातच नाई आलं," ते म्हणाले. उजव्या डोळ्याला समोर धरलेली बोटंसुद्धा मोजता येत नव्हती, असं पुढच्या तपासणीत निघालं.

डॉक्टर मॅडम अमरावतीच्या होत्या. त्यांनी यंत्रातून पाहिलं, आणि काकाजींनी लगेच माफी मागितली. "मॅडम, माल कच्चा हाये, पन या पोरीनं आनला." मग त्यांनी रेघेचा कायदाही सांगितला. मला वाटलं, मॅडम रागावतील. त्यांनी खुर्ची पुढे घेतली.

"काकाजी, पपई पिकली का मऊ होते ना? हा उलटा आहे. हा पिकला का दगड होते. तुमचा उजवा झाला आहे दगड. अजून थांबले असते तर आत दाब वाढला असता, मग मी काय, कुणीच नजर परत आणू शकलं नसतं."

काकाजी म्हणाले, "म्हंजे म्या माल वावरातच नासवला."

"नासवला नाही. उशीर केला."

मॅडमनी कागदावर डोळा काढून दाखवला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून नरम आहे. तो पुढे करायचा, मशीननं. दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र, त्यातून लहरींनी फोडून ओढून घ्यायचा आणि घडी घातलेलं भिंग आत सोडायचं, ते आतच उलगडतं. पण उजवा कडक आहे. मशीननं फोडायला फार जोर लावावा लागेल, तो डोळ्याला सोसणार नाही. म्हणून तो हातानं, थोडा मोठा छेद घेऊन, गर अख्खा बाहेर काढायचा. टाके नाहीत.

"टाके नाई तं मंग डोया उघडाच राहीन?"

"छेद तिरपा घेतो. आतून दाब असतो, त्यानं आपोआप मिटतो."

"अन् ते लेसर? आमच्या गावचा एक जन लेसरनं करून आला म्हनते."

"मशीनलाच लोक लेसर म्हणतात," मॅडम हसल्या. "खरं लेसर वेगळं असतं, मोठ्या शहरात मिळतं. तुमच्या डोळ्याला त्याचं काही काम नाही."

मग डोळ्याची लांबी मोजली, त्यावरून भिंगाचा नंबर ठरतो, आणि आम्हाला बाजूच्या खोलीत पाठवलं. तिथे एका ताईंनी प्लास्टिकचा डोळा उघडून भिंग दाखवलं. काकाजींनी ते बोटांत धरून नखानं टिचकी मारली. टिचकी मारल्याशिवाय ते काहीच घेत नाहीत.

"याची वारंटी किती?"

"जन्मभराची, काकाजी."

"कोनाच्या जन्माची? माह्या का याच्या?"

ताईंना हसू आवरेना. हसतच त्यांनी फॉर्म ओढला आणि विचारलं, "आता सांगा, दूरचं पायजे का जवळचं? हे भिंग एकाच अंतराचं असते. दूरचं घेतलं तर दूरचं साफ दिसन, जवळच्यासाठी चष्मा. शेतकरी समदे दूरचंच घेतात. दूरचंच लिहू ना?"

मी म्हटलं, "हो, दूरचंच." वावर, रस्ता, बस, खांब. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

काकाजी म्हणाले, "थांबा. पक्कं लिहू नोका."

इतक्यात नर्सबाईंनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले आणि डोळे मिटून बाहेर बाकावर बसायला सांगितलं. काकाजी बसले. दोन्ही डोळे मिटलेले, गालावर थेंबांचं पाणी. मला वाटलं ते घाबरले असावेत. मी म्हटलं, "काकाजी, भेव लागून राह्यलं का? दुखत नाई म्हनते."

"भेवाचं नाई." ते डोळे न उघडता म्हणाले. "पोरी, मी गावात समद्यायले सांगत राह्यतो ना, बुढी असं म्हनते, तसं म्हनते?"

"हो."

"लोकायले वाटते बुढा मनानं सांगते."

मलाही तेच वाटत होतं.

"मनानं नव्हतो सांगत. ती बोलते. आवाज नाई, पन ओठ हालते ना एका अंगानं. मले समजे. पह्यल्या महिन्यात दोन-चार शब्द समजत, मंग समदंच समजाले लागलं. जिन्याचं तिनंच म्हटलं व्हतं, आईची आन." ते किंचित हसले. "आता वर्सभर झालं, मले तिचे ओठ दिसत नाई. धुक्कं दिसते. ती बोलते अन् मी हो हो म्हनतो. अंदाजानं. बाहीर येऊन मीच काहीतरी सांगतो. वर्सभर झालं, मी मनानंच सांगून राह्यलो."

बाकावर आमच्याशेजारी आणखी दोघं डोळे मिटून बसले होते. ऐकत असतील, नसतीलही.

"काकूले मालूम हाये?" मी विचारलं.

"तिचं डोकं माह्याहून तेज हाये. आताशा ती कमीच बोलते."

मला एक विचारायचं होतं. मी कॉलेजात जावं असं म्हणणारं नक्की कोण होतं, काकू की काकाजी. वर्षाचा हिशोब मी मनात मांडून पाहिला, तो काठावर येत होता.

तेवढं सोडून मी म्हटलं, "मंग काकाजी, जवळच्यासाठी चष्मा भेटतेच ना. चष्मा लावून पाहत जा."

"तिले उचलतो तवा माहे दोन्ही हात तिच्या खाकेखाली राह्यते. तोंडासमोर तोंड. चष्मा घसरते, खाली पडते. अन् नेमकी तवाच ती सांगते. दुखते म्हनते, थांब म्हनते, हात अडकला म्हनते." त्यांनी मिटलेल्या डोळ्यांनीच दोन्ही हात पुढे करून अंतर दाखवलं. हातभर. "मले एवढं पायजे. एवढंच. बाकी खांबाले चष्मा लावून पाहीन."

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण त्यांना समजलं. त्या स्वतः बाहेर आल्या, काकाजींना हात पुन्हा पुढे करायला लावला आणि ते अंतर टेपनं मोजून घेतलं. म्हणाल्या, "दूरचं अंधूक राहील, चष्मा लागेल, आत्ताच सांगते. मग भांडायला येऊ नका." आणि सगळ्या अंतरांचं भिंग का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की तेही मिळतं, पण काहींना त्यात दिव्याभोवती कडी दिसतात, कडेला नजर पुसट होते. यांना एकच अंतर हवं आहे, ते पक्कं देऊ. डाव्याचं नंतर ठरवू.

शस्त्रक्रिया त्याच दुपारी झाली, अर्ध्या तासाची. बाजूला सुई देऊन डोळा बधिर केला होता. चेहऱ्यावर हिरवं कापड असताना बोलायचं नाही, असं बजावलं होतं. तरी काकाजी आत मॅडमना दोनदा विचारत होते म्हणे, "गर निंगाला का अख्खा? बी राह्यली नाई ना आत?" बाहेर आले ते पट्टी बांधून, अगदी ऐटीत. "उजेडाचा गोया पाह्यला बाप्पा, नाचून राह्यला व्हता," ते शेजारच्या पेशंटला सांगत होते.

रात्री आम्ही दवाखान्यातच थांबलो, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. मॅडमनी समोर हात धरला आणि काकाजींनी त्यांच्या अंगठीतले खडे मोजून सांगितले. या वेळी कुणाचं ऐकून नव्हे. दार कुठं आहे विचारलं तर म्हणाले, "तिकडे कुठीतरी असंल." दोन-चार दिवसांत आणखी साफ होईल, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, वजन उचलायचं नाही, थेंब दीड महिना.

वजनाचं ऐकून काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी अन् आई उचलू काकूले. तुमी नुस्ते समोर बसा अन् ती काय म्हनते ते आमाले सांगा."

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काकू खुर्चीत बसल्या होत्या, आईनं त्यांची वेणी घातली होती. काकाजींनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला, स्टूल ओढलं आणि काकूंच्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसले. बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"काऊन वं," ते म्हणाले, "तुहे केस कवा पांढरे झाले?"

काकूंच्या तोंडाची उजवी कड हलली. मग ओठ हलायला लागले. थोडे, मग भराभर. मला त्यातलं अक्षर समजत नव्हतं. काकाजी पुढे वाकले. पहिल्यांदा ते सवयीनं "हो हो" म्हणाले, आणि काकूंनी उजव्या हातानं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"नाई, नाई," काकाजी म्हणाले. "तसं नाई. तवा मले दिसत नव्हतं ना... बरं, चुकलं... अवं, चुकलं म्हनतो ना!... ते सांबार पेराचं? ते मी मनानंच सांगतलं, खरं हाये... कोनाले? सरपंचाले बी."

काकू थांबत नव्हत्या. वर्षभराचं साचलेलं होतं. काकाजी एकेका गोष्टीला उत्तर देत होते, मध्येच भांडत होते, मध्येच गप्प बसून ऐकत होते. एका जागी त्यांना उमगलं नाही तेव्हा ते स्पष्ट म्हणाले, "हे नाई समजलं. पुन्हा सांग." काकूंनी पुन्हा सांगितलं, सावकाश.

मी दारात उभी होते. आई केव्हाच चहा ठेवायला निघून गेली होती. मी का थांबले होते कोण जाणे, बहुतेक मला माझंही काही विचारायचं होतं.

काकाजींनी मागं न पाहता हात हलवला.

"पोरी, दारातून बाजूले सर. तिच्या तोंडावर उजेड येऊ दे."

मी सरले.